तेवीस पोकळ फरश्या

नव्या घरात येऊन आठवडा झाला नाही तोच बायको चमचा घेऊन जमिनीवर बसली. एकेका फरशीवर ठोकायचं, कान द्यायचा आणि आवाज पोकळ आला की खडूने फुली मारायची. स्वयंपाकघर संपेपर्यंत तेवीस फुल्या झाल्या.

"बघितलंत?" ती नवऱ्याला म्हणाली. "खाली सिमेंटचा मालच भरलेला नाही. जरा जड डबा पडला की फरशी फुटलीच म्हणून समजा. कुठल्या आंधळ्याने बसवल्यात कोण जाणे!"

नवरा खिडकीची कडी लावून काढून बघत होता. कडीला काही झालं नव्हतं, पण पाठ फिरवून उभं राहायला त्याला काहीतरी निमित्त हवं होतं. कारण तो आंधळा तोच होता.

तो गवंडी होता, आणि साधासुधा नव्हे. भिंत सरळ आहे का हे बघायला दोरीला जो लोखंडी ओळंबा बांधतात, तेच त्याचं टोपणनाव पडलं होतं. ही इमारत उभी राहत होती तेव्हा तो आणि त्याचा जोडीदार तोतऱ्या इथेच कामाला होते. पुढे सोडतीत बायकोच्या नावाने घर लागलं, आणि दार उघडताच त्याने स्वयंपाकघर ओळखलं. शंभर घरांतून नेमकं हेच यावं! नशीबही कधी कधी असं कान धरून उभं करतं.

त्याने तोंडाला कुलूप लावलं. बावीस वर्षं बायको ज्याला त्याला सांगत आली होती, "आमच्या यांच्या कामात खोट काढून दाखवा." ते वाक्य तिच्या तोंडून पुन्हा ऐकायला मिळणार नाही, याची त्याला भीती वाटत होती.

बायको मात्र हात धुऊन मागे लागली. एक अर्ज हरवला, दुसरा "वर पाठवला", तिसऱ्याला तिने फुल्यांचा नकाशाच काढून जोडला. शेवटी बांधकाम कंपनीचा इंजिनिअर आला. माणूस भला होता, गुडघे टेकून त्याने स्वतः ठोकून पाहिलं.

"तुमचं बरोबर आहे, काकू," तो म्हणाला. "हा मजला तोतऱ्याकडे असणार. बिचारा सहा महिन्यांपूर्वी गेला. आता त्याला कोण काय विचारणार? त्याच्या नावावर चूक लिहितो, म्हणजे दुरुस्ती लगेच मंजूर होईल."

त्याने कागदावर पेन टेकवलं. ओळंब्याला तोतऱ्या डोळ्यांसमोर दिसला. बोलताना अडायचा, पण थापी चालवताना कधी अडला नाही. त्या दिवसांत रोज पाचच्या आत ओळंब्याची हत्यारं तोच धुऊन ठेवायचा आणि म्हणायचा, "प-पळ आता. व-वहिनी वाट बघत असेल."

"थांबा," ओळंबा म्हणाला. "त्याचं नाव खोडा. या फरश्या मी बसवल्यात."

बायकोने मान वर केली. आता तिच्याकडेच बघून बोलायला हवं होतं.

"दीड वर्षापूर्वी तू दवाखान्यात होतीस, तेव्हाच्या आहेत. भेटायची वेळ पाच ते सहा. नीट माल पसरून बसवल्या असत्या तर सात वाजले असते. मग चार कोपऱ्यांत चार गोळे, मधे एक, आणि वर फरशी. शेजारच्या घरातल्याही तशाच आहेत."

इंजिनिअर पेनाचं टोपण लावत काढत बसला.

"तरीच," बायको हळूच म्हणाली. "तरीच हात रोज सिमेंटने भरलेले असायचे. ती नर्स ओरडायची, आधी हात धुऊन या म्हणून." मग ती नवऱ्याकडे वळली. "मी रोज ठरवायचे, आज यांना उशीर झाला की पोटभर रडून घेईन. मेलं एकदासुद्धा रडू दिलं नाहीत."

आणि ती तिथेच, फुल्यांच्या मधोमध बसून, दीड वर्ष साठलेलं रडली. ओळंबा शेजारी जाऊन बसला. काय करावं ते त्याला सुचेना, म्हणून त्याने तिच्या हातातला चमचा तेवढा धरून ठेवला.

इंजिनिअर खाकरला. "काकू, मग तक्रार मागे घेताय का?"

"मागे कशाला?" तिने मनगटाने डोळे पुसले. "वाईट काम ते वाईटच. आणि शेजारचंही लिहा त्यात. सामान तुम्ही पाठवा, बसवायला माणूस माझ्या घरात आहे."

चार दिवसांनी सिमेंट आणि वाळू आली. ओळंब्याने पहिली फरशी उचकटली. खाली ते पाच गोळे जसेच्या तसे वाळून बसले होते. ते खरवडून त्याने नवा माल कालवला, थापीने पसरायला घेतला, आणि सवयीने त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली.

बायकोने दारात स्टूल ओढलं आणि चमचा घेऊन त्यावर ठाण मांडलं.

"घड्याळाकडे काय बघताय?" ती म्हणाली. "सावकाश भरा. आता कुठे पळायचं नाहीये. मी इथेच बसलेय."