माझं पोट कुणी उघडलं नाही

त्या दिवशी मळवलीवर धुकं असं बसलं होतं की लोहगड कुठल्या अंगाला आहे ते नवख्याला सांगावं लागलं असतं. कौलांवरून दव टपकत होतं, पेंढ्याला ओला वास सुटला होता. मी माळ्यावर होतो. खाली कोंडाजी शिडी लावत होता. इतक्या वर्षांनी माझ्याकडं कुणी येत होतं, तरी मला आनंद झाला नाही. राग आला.

मी शिवणाचं हातमशीन बोलतोय. जुना आहे, हळू बोलतो. अंगावर सोनेरी अक्षरं होती, ती काय म्हणतात ते मला कधी वाचता आलं नाही. विलायतेतून आलो, तुंगार्लीच्या एका बंगल्यात मडमेचे झगे शिवले. जर्मनीशी पहिली लढाई संपली, मडम तिच्या देशी गेली आणि जाताना मला बहिरू माळ्याला देऊन गेली. त्याची लेक सरू माझ्यावर शिवण शिकली. लग्न होऊन ती मळवलीला आली, तेव्हा बैलगाडीत साऱ्या वाटेनं मला हातानं सावरून बसली होती.

तिच्या हाताला घाई नव्हती. माझा दांडा ती पाळणा हलवावा तसा फिरवायची. गावातल्या लेकरांची टोपडी, कुंच्या, सगळं माझ्या सुईखालून गेलं. शेजारची धोंडाबाई चोळी शिवायला टाकायची आणि म्हणायची, "सरे, जरा ढिली ठिव गं, औंदा भात लय पिकलाय."

मग ती खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली हत्यारं धुऊन पुजायची. विळा, कोयता, नांगराचा फाळ, आणि त्यांच्या ओळीत मी. सरूनं माझ्या सुईजवळचा सरकता पत्रा काढला, आतला दोऱ्यांचा गुंता साफ केला, पत्रा घासून पूजेत शेजारी मांडला. सासू कस्तुराबाईंना माझं भारी कौतुक. गौरीला घालतात तशी त्यांनी आपली नथ माझ्या सुईच्या खिळीला अडकवली. "ही आमची शिवणारी गौर," म्हणाल्या. मला बाई केलं, तरी मी गप्प बसलो.

दसऱ्याच्या सकाळी कस्तुराबाईंनीच झेंडूची फुलं ओंजळीनं ओढून काढली. त्या धक्क्यानं नथ सुटली आणि माझ्या उघड्या पोटात गेली. त्यांना कळलं नाही. मला कळलं, पण सांगू कसं? सरूनं पत्रा बसवला, शिवायला बसली, आणि मी अडलो. नथीचा आकडा आतल्या दांडीत रुतला होता.

दुपारी कस्तुराबाईंना नथ आठवली. फुलं चाळली, चुलीतली राख चाळली, सरूचं गाठोडं सोडलं.

"माज्यामागं मिशीनला हात कुणाचा लागला?"

"माजाच, आत्याबाई. पर एकडाव मला त्याचं पोट उघडू द्या. कशानं तरी अडलंय ते."

"हात लावू नगंस! चोराचा हात लागला म्हणून रुसलंय ते."

रुसलंय! अहो, मी अडलो हीच माझी साक्ष होती. ती तुम्ही तिच्यावरच उलटवली? आणि तिचा नवरा, हा कोंडाजी, उंबऱ्यात बसून तंबाखू मळत होता. मळतच राहिला. चोरीचा आळ घेऊन सरू माहेरी तुंगार्लीला गेली. मला माळ्यावर टाकलं. उंदरांनी माझी लाकडी मूठ कुरतडली, अंगाला गंज चढला. कस्तुराबाई सरूला बोल लावत लावतच गेल्या.

आता दुसरी लढाई चालू आहे. लोखंडाला भाव आलाय म्हणून कोंडाजीला माझी आठवण झाली. मोडवाल्याला लाकूड नको होतं. म्हणून कोंडाजीनं मला अंगणात आणून स्क्रू सोडले आणि लाकडी पेटीवरून मागं कलंडवलं. आधी वाळक्या पाकळ्या पडल्या, मग काळपट अक्षता, मग नथ.

बस्स, एवढंच काम होतं. सरूनं एवढंच मागितलं होतं.

कोंडाजीनं नथ उचलून तळहातावर घेतली. कुंपणापलीकडून धोंडाबाई बघत होती. तिला तो म्हणाला, "वयनी, घावली गं. आता सरूला सांगावा धाडतो, ये म्हणून."

ये म्हणून! जशी काही ती हौसेनं माहेरपणाला गेली होती.

बायांनो, बाबांनो, म्हाताऱ्याचं एक ऐका. घरात काही अडलं तर आधी ते उघडून बघा. माणसावर बोट मग दाखवा. मला मोडीत घाला, माझं काही म्हणणं नाही. पण त्याआधी एकदा मला तिच्या हाताला लागू द्या.

मला बोलता येत नव्हतं. पण धोंडाबाईला येत होतं. ती कोंडाजीला म्हणाली, "ती कशाला यील रं? लोणावळ्याच्या बाजारात भेटती मला. आजून सुईदोऱ्यानं चोळ्या शिवती. तूच जा. मिशीन घे डोक्यावर, आन् तुंगार्लीत चार माणसांदेखत तिच्या म्होरं नथ धरून उभा ऱ्हा. मिशीन ती घिल. तुला घिल का न्हाई, ते तिचं ती बघंल."