बे पंचे दहा

सासरे सायकलवरून पडले याचं घरात कोणाला फारसं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढच्याचं. दवाखान्यात खाटेशी उभं राहून मुलगा म्हणाला, "बाबा, आता वय झालं तुमचं," आणि सासरे चक्क म्हणाले, "हो रे, झालं." जो माणूस भिंतीवरच्या घड्याळाशीही वाद घालायचा, भर पावसात "हा काही पाऊस नव्हे" म्हणायचा, त्यानं असं एका वाक्यात हत्यार खाली ठेवावं? सुनेला ते तेव्हापासून दातात अडकलेल्या तुसासारखं सलत होतं.

तिला दातच आठवणार. ती कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे आणि मागच्या खोलीत बसून ती त्यांना दात द्यायची. सासऱ्यांनी तिचं नाव 'दातवाली' ठेवलं होतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात "माझे अजून स्वतःचे आहेत, गिऱ्हाईक दुसरीकडे शोध," असं सुनावलंही होतं. तेव्हापासून दोघांचं गूळपीठ होतं.

दीड महिन्यानं खांद्याची झोळी निघाली. डॉक्टर म्हणाले, बेतानं सायकल चालवायला हरकत नाही. पण सासरे खिडकीजवळच्या खुर्चीतून हलेनात. तोवर नवऱ्यानं सायकलला गिऱ्हाईकही गाठलं होतं. त्याच्या ऑफिसातल्या एकाला ती दिवाणखान्याच्या भिंतीवर शोभेला टांगायची होती, शनिवारी तो न्यायला येणार होता. "एकदाची गेली की माझा जीव भांड्यात पडेल," नवरा म्हणाला. वाईट नव्हता तो. वडील रस्त्यावर आडवे पडलेले त्यानं पाहिले होते, आणि घाबरलेल्या माणसाला कोणावर तरी राग काढावा लागतो. त्यानं तो सायकलवर काढला. सासरे नुसतं म्हणाले, "ने बाबा."

त्या "ने बाबा"चा सुनेला संताप आला. सायकल भिंतीवर गेली की हा माणूस कायमचा खुर्चीत गेला, हे तिला लख्ख दिसत होतं. तिनं ठरवलं, शनिवारच्या आत सायकल अशी धड करायची की कोणाला "धोका" हा शब्द काढायला जागा उरू नये. तिला सायकलीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण चेन आणि गिअरच्या चकत्यांमधून पेडल दाबताना 'कट्ट' असा आवाज येतो, एवढं तिनं ऐकलं होतं. तेवढं बदलायचं, झालं.

"बाबा, तुमची सायकल किती गिअरची?"

"दहा," सासरे वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले.

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला सगळे 'हवावाला' म्हणत. एके काळी तो फक्त हवा भरायचा, आता काचेचं दुकान होतं, पण नाव काही सुटलं नव्हतं. "दहाचा सेट ना? हा घ्या ताई, डोळे मिटून लावा," असं म्हणत त्यानं चकचकीत चकत्यांचा गठ्ठा आणि तशीच चेन पिशवीत घातली. तीही विजयी मुद्रेनं घरी आली. दोन हुशार माणसं एकत्र आली की असंच होतं.

दुपारी गॅलरीत जुन्या चादरीवर तिनं सायकल उलटी केली, मागचं चाक काढलं. नवा गठ्ठा चाकाला लावून पाहिला तर तो आतून खाचांचा, सरकवून बसवायचा. आणि इथं जुना गठ्ठा आट्यांवर पिळून बसलेला. शिवाय नवा गठ्ठा एवढा जाड, की चाक परत फ्रेममध्ये शिरायला जागाच उरली नसती. नवी चेन जुन्या चकतीवर ठेवली, तर ती इतकी बारीक की दातांवर नुसती टेकून राहिली, खाली उतरेचना. लहान माणसाची कवळी मोठ्या जबड्यावर ठेवावी तसं.

मागून हसू ऐकू आलं. सासरे दारात उभे होते. दीड महिन्यात पहिल्यांदाच ते खुर्चीतून आपणहून उठले होते.

"अगं दातवाले, दहा कुठे शोधतेस मागे? मागे पाच आहेत. पुढे दोन. बे पंचे दहा!"

"मग दहा गिअरची का म्हणालात?"

"दहाच ना झाले! आमच्या वेळी पुढचे-मागचे गुणून सांगायचे."

"आणि आता?"

"आता नुसते मागचे मोजतात, वाटतं. पाढे म्हणायचा कंटाळा." ते पार खुशीत येऊन स्टुलावर बसले.

तीही हसली, कपाळाला हात लावला, आणि मग जुन्या चकत्या जवळून बघायला लागली. हसू तिथंच थांबलं. रोज दातच हाताळणाऱ्या नजरेनं ती त्यांच्याकडे बघत राहिली. प्रत्येक दात एकाच बाजूनं झिजून वाकडा झालेला, हुकासारखा. आणि त्यांच्यावरून काढलेली चेन मात्र कोरी करकरीत.

तिच्याकडे अशा माणसांचे ठसे यायचे. खालचे दात वर्षानुवर्षं झिजलेले, आणि वर हौसेनं नवी कवळी. गप्पा मारताना काही कळत नाही. कडक काहीतरी जोरात चावलं, की सटकते. वरचं आणि खालचं एकमेकांच्या सोबतीनं झिजायला हवं, नाहीतर दोन्ही बदलायला हवं.

"बाबा, ही चेन कधी टाकली?"

सासऱ्यांनी गॅलरीबाहेर पाहिलं. "माझ्या वाढदिवसाला. त्यानं."

ती संध्याकाळ तिला आठवली. नवरा जुनी चेन नमुन्याला घेऊन गेला होता, बरोबर तसलीच आणली होती, आणि कोपरापर्यंत काळा होऊन स्वतः बसवली होती. जेवताना तो दहा वेळा ते सांगत होता. दोनच दिवसांनी सासरे पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर पडले होते.

"चढावर तुम्ही पेडलवर उभे राहिलात," ती हळू म्हणाली, "जोर दिलात, आणि चेन सटकली. तुम्हाला कळलं होतं."

"आवाज आला की. पडायच्या आधीच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुझ्या भेटीनं मला पाडलं म्हणू?" सासऱ्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "खिळा ठोकायचा तरी माणूस बोलावतो तो. जन्मात पहिल्यांदा त्यानं माझ्यासाठी हातानं काहीतरी केलं. वय झालं म्हटलं की कोणाचीच चूक राहत नाही. तूही बोलू नकोस."

"हं," ती म्हणाली. या घरात 'हं'चा अर्थ हो असा कधीच नव्हता, पण सासऱ्यांना तो तसा घ्यायचा होता. तिला त्यांची इतकी माया आली की ती उठून उगीचच चाक पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती चाकच घेऊन दुकानात गेली. हवावाल्यानं चकत्या मोजल्या, स्वतःच्या डोक्यात टपली मारली. "ताई, आपण दोघंही नापास." जुना गठ्ठा त्यानं अंगाचं वजन टाकून पिळून काढला. आधी सातचा लावून पाहिला, पण शेवटची चकती फ्रेमला घासली असती. मग खालच्या खणातून पाचाचा निघाला, तोही आट्यांचा. तो बोटांनीच, जोर न लावता आत फिरत गेला तेव्हा हवावाला म्हणाला, "हा घरचाच आहे." सर्वांत मोठी चकती अठ्ठावीस दातांची होती, म्हणजे चढ थोडा सोपा झाला असता. बत्तीसची मागितली तर त्यानं मान हलवली, जुन्या सायकलचा चेन सरकवणारा हात तिथवर पोचत नाही म्हणाला.

"अठ्ठावीस म्हणजे अक्कलदाढा सोडून सगळे," तिनं घरी येऊन सांगितलं.

"म्हाताऱ्यांचा गिअर आणलास," सासरे गुरगुरले. ते पुन्हा वाद घालायला लागले होते, आणि तिला ते गाण्यासारखं वाटलं.

चेन मात्र तिनं तीच ठेवली, नवऱ्याचीच. ती मुळात बरोबरच होती. तिला जोडीचे दात मिळाले नव्हते, एवढंच.

शनिवारी नवरा फोन कानाला लावूनच गॅलरीत आला. "हो, या, खाली आलात की सांगा," म्हणत त्यानं सायकलकडे पाहिलं, आणि फोन कट केला. "हे काय चाललंय?"

सासऱ्यांनी सुनेकडे डोळे वटारून पाहिलं. इकडे आड, तिकडे विहीर. नवऱ्याचं मन मोडायचं, की सासऱ्यांना खुर्चीत सोडायचं? पण नवरा धडधाकट होता, एक खरी गोष्ट त्याला सोसली असती. सासऱ्यांना ती खुर्ची सोसणार नव्हती.

"बाबा वयामुळे पडले नाहीत," ती म्हणाली. "चेन सटकली."

"गप गं," सासरे म्हणाले.

तिनं जुना गठ्ठा नवऱ्याच्या हातात ठेवला. त्यानं वाकड्या दातांवरून अंगठा फिरवला. "पण चेन तर मी नुकतीच नवी..." आणि त्याचं वाक्य तिथंच राहिलं.

"चेन उत्तम आहे," सासरे घाईघाईनं बोलायला लागले. "तीच आहे बघ, बदललेली नाही. माझ्या चकत्या झिजल्या होत्या, ते मी बघायला हवं होतं. तू इतकी छान बसवलीस—"

"तुम्हाला माहीत होतं?"

सासरे पायानं चादरीची सुरकुती सरळ करायला लागले.

"मी तुम्हाला म्हातारे म्हणत होतो, आणि तुम्ही हो म्हणत होतात." नवऱ्याचा आवाज फाटला. "दीड महिना तुम्ही माझ्यासाठी म्हातारे झालात, बाबा?"

सासऱ्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला, शाळेत जाताना ठेवायचे तसा. "झालो होतो," ते म्हणाले. "पण फार कंटाळा येतो रे त्याचा."

हातातला फोन वाजला. नवऱ्यानं तो घेतला, "सॉरी, सायकल नाही देता येणार. बाबा चालवतात ती," एवढं म्हणून ठेवला, आणि चादरीवर मांडी घालून बसला. एका हातानं त्यानं मागचा ब्रेक धरला, दुसऱ्यानं पेडल सगळा जोर लावून दाबलं. चेन सटकली नाही. गिअर बदलून पुन्हा दाबलं. पाचही चकत्यांवर दाबून पाहिलं, मग पुन्हा पहिलीपासून. मध्येच काळ्या हातानं डोळे पुसले, तर गालभर काळं फासलं गेलं, तरी तो दाबतच होता.

"पुरे रे," सासरे शेवटी म्हणाले, "आजच झिजवशील. हेल्मेट आण माझं."