अहो बाई, तुम्हाला नाही विचारलं

मित्रांनो, मी एक जुनी फिरती खुर्ची आहे आणि मला स्वस्थ बसता येत नाही. खुर्चीनेच असं म्हणावं याचं तुम्हाला हसू येईल, पण काय करू? पायांना पाच चाकं, कमरेत स्प्रिंग आणि जन्मापासूनची कुरकुर. कारखान्यातल्या माणसाने मला दोनदा तेल घातलं, तिसऱ्यांदा हात टेकले आणि एका कचेरीत धाडून दिलं. तिथे माझ्या आवाजाने कारकुनांना धड डुलकी घेता येईना. त्यांनीही मला बाहेरचा रस्ता दाखवला. अशी फिरत फिरत मी टीव्हीच्या स्टुडिओत येऊन पडले.

तिथे मला टिल्लूमामा भेटले. हे नाव त्यांना त्यांच्या उंचीमुळे पडलेलं. आधी ते रेडिओवर हवामान सांगायचे, आणि वादळाची बातमीसुद्धा अशी सांगायचे की लोक खिडक्या लावता लावता हसायचे. आता त्यांना स्वतःचा गप्पांचा कार्यक्रम मिळाला होता. ते माझ्यावर बसले तेव्हा त्यांचे पाय जमिनीला पोचेनात. त्यांनी टाच माझ्या खालच्या दांड्यावर टेकवली.

दिवे लागले. पाहुणे समोर बसले. आणि मामा पहिलाच प्रश्न विसरले. कार्यक्रम थेट घरोघरी दिसत होता. त्यांची टाच दांड्यावर दाबली गेली आणि मी केलं, "कुईंऽऽ!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मामा खाली वाकले आणि अदबीने म्हणाले, "अहो बाई, तुम्हाला नाही विचारलं. पाहुण्यांना विचारलंय."

स्टुडिओत जमलेले लोक पोट धरून हसले. तेवढ्यात मामांना प्रश्न आठवला.

त्या दिवसापासून आमची जोडी जमली ती बावीस वर्षं. मामा अडले की टाच दाबायचे, मी कुरकुरायचे, ते मला लाडीगोडीने दटावायचे आणि त्या हशात हरवलेला शब्द शोधून आणायचे. घरोघरची मुलं मुद्दाम खुर्च्या वाजवून आईचा ओरडा खायची. माझ्या नावाने पत्रं यायची. खरं सांगते, माझ्या डोक्यात हवा गेली होती.

या युक्तीचं गुपित आणखी एकाच माणसाला ठाऊक होतं. मामी पहिल्या रांगेत टोकाला बसायच्या आणि मी वाजले की रुमालाला एक गाठ मारायच्या. पूर्वी एखादी गाठ पडायची. मग तीन झाल्या, मग सात. एकदा रुमालाला टोकच उरलं नाही. लोक हसत होते आणि मी गाठी मोजत होते. मामांना आता प्रश्नच नाही, माणसंही आठवेनाशी झाली होती. हे सगळ्यांदेखत उघडं पडलं तर काय, या विचाराने मी रिकाम्या स्टुडिओतही जागच्या जागी फिरत राहायचे.

आणि हजारावा भाग आला. पाहुण्या म्हणून खुद्द मामींना बोलावलं होतं. सेटवरचा सुतार भला माणूस. सकाळीच येऊन त्याने मला उलटं केलं, स्प्रिंग खोलली, ग्रीस भरलं. "आज मोठा दिवस आहे, आज तरी कुरकुरू नकोस," असं म्हणून त्याने मला प्रेमाने थोपटलं. मला तोंड असतं तर मी बोंबलले असते.

मामी येऊन समोर बसल्या. मामा म्हणाले, "मंडळी, आजच्या पाहुण्या आहेत..." आणि थांबले. जन्मभर त्यांनी बायकोला 'अगं' म्हणूनच हाक मारली होती. नाव घ्यायची वेळ कधी आली नव्हती, आणि आता ते येईना. टाच दाबली. मी गप्प. पुन्हा दाबली. मी सगळा जीव एकवटला, पण माझ्यातून श्वासभरही आवाज निघाला नाही. मित्रांनो, इतकी लाज मला वाजतानाही कधी वाटली नव्हती.

मामींनी मामांच्या टाचेकडे पाहिलं. मग त्या ओठ मुडपून स्वतःच म्हणाल्या, "कुईंऽऽ!"

लोक हसून लोटपोट झाले. मामा मात्र हसले नाहीत. "अगं," ते म्हणाले, "तुझं नाव आठवत नाहीये मला."

लोकांना वाटलं, हाही विनोदच. मामी उठल्या, त्यांनी मामांचा हात धरला, आणि मग हळूहळू सगळे शांत झाले. तो आमचा शेवटचा भाग.

काही महिने मी गोदामात तुटक्या दारांमागे पडून होते. धूळ खात होते आणि मामांच्या काळजीने झुरत होते. मग एके दुपारी तोच सुतार खाली मान घालून आला आणि मला मामांच्या घरी सोडून गेला.

आता मी त्यांच्या खिडकीपाशी असते. मामा अधूनमधून टाच दाबतात, आणि मामी स्वयंपाकघरातून "कुईंऽऽ" करतात. परवा ग्रीस सुकलं असावं, माझाच आवाज किंचित निघाला. मामींनी कपाटातली तेलाची बाटली उचलली. मी घाबरले. त्यांनी ती शेजारणीला देऊन टाकली.

मित्रांनो, घरात कुणी कुरकुरलं तर घाईने गप्प करू नका. काय अडलंय ते आधी विचारा. आमच्या घरी तर आवाज झाला की मामांचा चेहरा उजळतो. ते खाली वाकून अदबीने म्हणतात, "अहो बाई, तुम्हाला नाही विचारलं." आणि मामींचं नाव घेऊन हाक मारतात.