वैद्यीणबाईंची चाल

रविवारी दुपारी चारला मी शिलाई मशीन भिंतीकडे सरकवते, कापडं बेतायच्या टेबलावरच्या चिंध्या झाडते आणि भुयार मांडते. पुठ्ठ्याच्या खोल्या, खोल्यांत राक्षस, आणि आत शिरणारे चौघे, बोटभर बाहुल्या: योद्धा, जादूगार, चोर आणि वैद्यीण. या खेळात एकमेकांना हरवायचं नसतं. चौघांनी मिळून भुयाराला हरवायचं. जिंकले तर सगळे, मेले तरी सगळे.

पूर्वी या चौघांना चार माणसं होती. योद्धा माझा, चोर वरच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्यांचा. वैद्यीण माझ्या धाकट्या बहिणीची. ती औषधांच्या दुकानात असते, म्हणून ते खातं आपसूक तिच्याकडे गेलं. जादूगार तिच्या नवऱ्याचा. मग मेहुण्यांची कंबर धरली. चष्मेवाले म्हणाले, पत्त्यांवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत. चष्मेवाले, बरं का! धाकटीला रविवारीही दुकान लागलं. आठ महिने झाले, चौघांचे फासे मीच टाकते. जिंकले तर टाळी द्यायला समोर मशीन.

गेल्या रविवारी एका खोलीत अडले, म्हणून फोनवर या खेळाबद्दलची लोकांची मतं वाचत बसले. कुणाला राक्षस आवडले होते, कुणाला नियमांचं पुस्तक जड गेलं होतं. एकानं लिहिलं होतं, ‘एकट्यानं खेळायला झकास, कुणाची कटकट नाही.’ मनात म्हटलं, बाबा रे, सुखी आहेस. त्याच्या खाली हे होतं:

‘खेळ चांगला, पण घरात एखादी सर्वज्ञ असेल तर घेऊ नका. आमच्याकडची सगळ्यांच्या चाली सांगते. तीन वर्षं मी वैद्यीण होते, स्वतःच्या मनानं एक दार उघडलं नाही. माझ्या बाहुलीची काठी मोडली, तर तिनं ती निळ्या दोऱ्यानं इतकी सुरेख बांधून दिली की भांडायचीही चोरी.’

टेबलावर वैद्यीण उभी होती. काठीला निळा दोरा.

आधी रागच आला. मी सांगत होते म्हणून तर जिंकत होतो! मग चौघांकडे बघत बसले. तसं पाहिलं तर मी तेव्हाही एकटीच खेळत होते. फक्त तिघं बघायला यायची.

धाकटीला फोन लावला.

“ताई? बरी आहेस ना गं?”

“दुकानात आहेस?”

“अं... नाही. आज घरीच.”

ते मी सोडून दिलं. “एका खोलीत अडलेय. वैद्यीण कुठं नेऊ?”

“मला काय विचारतेस? तुला माहीतच असतं.”

“आज नाही माहीत.”

“खोटारडी.” पण हसली. मागून मेहुण्यांचा आवाज आला, “कोण गं?” “ताई. खेळाचं विचारतेय.” “माझी कंबर दुखतेय म्हणून सांग!”

“उजवीकडे काय आहे?” तिनं विचारलं.

“बंद दार.”

“आणि डावीकडे?”

“योद्धा. अर्धमेला.”

वैद्यीण योद्ध्यापासून हलली तर पुढच्याच फेरीत तो जाणार, आणि त्याच्यामागून बाकीचे. हे मला दिसत होतं, शिवण उसवलेली दिसावी तितकं स्वच्छ.

“दार उघड,” ती म्हणाली.

जीभ दाताखाली धरली.

“ताई? चुकतंय का?”

“चाल तुझी आहे.”

मी वैद्यीण उजवीकडे सरकवली आणि पत्ता उलटला. दारामागे दोन राक्षस. तीन फाशांत योद्धा पडला, मग चोर, मग जादूगार. वैद्यीण शेवटी.

“मेलो?”

“सगळे.”

“अगंबाई!” आणि ती किती तरी वेळ हसत राहिली. पूर्वी जिंकल्यावरसुद्धा अशी हसायची नाही. “पण दार मी उघडलं हं.”

“तूच उघडलंस.”

“पुढच्या रविवारी फोन कर.” मग घाईनं म्हणाली, “येईन असं नाही म्हणत. फोन कर.”

“करते,” म्हटलं. आणखी बरंच सांगायचं होतं. सांगितलं नाही.