ऑगस्टातली डोक्याची परीक्षा

अमेरिकन फुटबॉलच्या संघात वेंडेल ट्रास्कचं काम एवढंच: चेंडू फेकणाऱ्याच्या पुढ्यात उभं राहायचं आणि अंगावर धावून येणाऱ्याला छातीनं, खांद्यानं, नाहीतर डोक्यानं अडवायचं. एका सामन्यात साठ-सत्तर वेळा. अकरा वर्षं त्यानं हेच केलं. टीव्हीवर नाव फेकणाऱ्याचं, गुडघे मोडायचे ह्याचे. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय!

दर ऑगस्टमध्ये सराव सुरू होण्याआधी संघात प्रत्येकाच्या डोक्याची परीक्षा व्हायची. संगणकावर वीस शब्द दाखवायचे, ते आठवून सांगायचे, मग आकडे उलटे म्हणायचे. पुढे डोक्याला मार लागला की तीच परीक्षा पुन्हा, आणि गुण ऑगस्टपेक्षा घसरले तर बसा घरी. म्हणून जुनी खोडं ऑगस्टमध्ये मुद्दामच चुकायची. घसरायला जागाच ठेवायची नाही. वेंडेलही दहा वर्षं चुकत आला. गेल्या वर्षी शंभरात एकसष्ट.

बायकोला त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं. जोलीनला ते एकसष्ट खरेच वाटायचे. शाळेतही तू एवढेच दिवे लावले होतेस, म्हणून ती त्याला चिडवायची. पण गेल्या हिवाळ्यात तो पोरीला कुत्र्याच्या नावानं हाक मारू लागला. एकदा दूध आणायला गेला, तो गावाबाहेर गाडी लावून दोन तास नुसता बसून राहिला. जोलीनचं चिडवणं बंद झालं. तिनं त्याला शपथ घातली: यंदा एक जरी गुण कमी आला, तरी खेळ सोडायचा.

वेंडेलनं ठरवलं, यंदा खरीखुरी परीक्षा द्यायची. नव्वदच्या घरात गुण येतील आणि तिचा जीव भांड्यात पडेल. त्याचाही. कारण तोही घाबरला होता, चांगलाच घाबरला होता.

त्यानं घाम फुटेपर्यंत शब्द आठवले. एकही मुद्दाम सोडला नाही.

संघातल्यांची दुखणी बघणारा हार्लन निकाल घेऊन आला, तोच हसत. "एकसष्ट! बरोब्बर गेल्या वर्षीइतके. म्हाताऱ्या, कसलेला चोर आहेस तू. नव्या पोरांना शिकव जरा."

यंदा मी मुद्दाम चुकलो नाही, असं वेंडेल म्हणाला. हार्लनला तो विनोद फारच आवडला. हसत हसतच त्यानं कागदावर सही ठोकली.

वेंडेल बूट चढवत होता तेवढ्यात जोलीनचा फोन आला. किती, एवढंच तिनं विचारलं.

"एकसष्ट."

पलीकडे ती रडायलाच लागली. "म्हणजे काहीच कमी झालं नाही ना रे?"

खरं काय ते अगदी त्याच्या ओठांवर आलं होतं. पण ते बोललं की खेळ आज, आत्ता संपला. आणि माणसं अडवण्याशिवाय त्याला दुसरं येत काय होतं?

"नाही," तो म्हणाला. "काहीच कमी नाही."

"मग खेळ, बाबा. आता मी आडवी येणार नाही."

बाहेर शिट्टी झाली. त्यानं फोन ठेवला, हेल्मेट घातलं आणि रांगेत आपल्या जागी जाऊन उभा राहिला.