कपाळावरचा वर्ख

टॉर्चचा उजेड उजव्या डोळ्यात पडला तेव्हा बाहुली आकसली. तोच उजेड ओरावानने डाव्या डोळ्यावर आणला, तर बाहुली आकसायच्या ऐवजी हळूच मोठी झाली. फार नाही, जेमतेम एक मिलिमीटर. तिने टॉर्च पुन्हा उजवीकडे नेला, पुन्हा डावीकडे आणला. तेच झालं. नदीकाठच्या या इस्पितळाच्या नेत्रविभागात एकवीस वर्षं काढलेल्या नर्सला याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. डोळा स्वच्छ होता, उघडा होता आणि उजेड आत पोचत नव्हता.

खुर्चीतल्या मुलीचं नाव केसिनी. सव्वीस वर्षांची, फोनवर लाइव्ह येऊन कपडे विकणारी. सकाळी नऊ वाजता तिने नाक उंच दिसावं म्हणून फिलर, म्हणजे कातडीखाली भरायचं जेल, टोचून घेतलं होतं. सुई आत असतानाच डाव्या डोळ्यापुढे अंधार झाला, मग डोकं ठणकायला लागलं, दोनदा उलटी झाली. आता दोन वाजत आले होते.

"पाच तास काय करत होतीस गं?" ओरावानने विचारलं.

"झोपले होते. टोचणारीच म्हणाली, डोळा जरा जड होईल, झोपून राहा. आणि उद्यापर्यंत तोंड धुवायचं नाही, कुणाला कपाळाला हात लावू द्यायचा नाही. नाहीतर वर्खाचा गुण जातो."

ओरावानने टॉर्च वर उचलला. दोन भुवयांच्या मधोमध सोन्याच्या वर्खाचा चौकोनी तुकडा चिकटला होता. देवळात भिक्खू मंत्र पुटपुटत असा वर्ख कपाळावर दाबतात. चेहऱ्याला तेज येतं, गिऱ्हाईक भुलतं, म्हणून गाणाऱ्या बायकांपासून दुकानदारांपर्यंत सगळे तो लावून घेतात. त्यात नवल काही नव्हतं. पण वर्खाच्या कडेने कातडीवर जांभळट जाळी उमटली होती. रक्त अडलं की उमटते तशी. सकाळी आरशात ती जाळी दिसली असती तर मुलगी घाबरून धावत आली असती. तिला दिसलं ते सोनं.

सुईनंतर वर्ख लावणारी बाई या गावात एकच होती. ती ओरावानची धाकटी बहीण नुच.

डॉक्टर फाकिन आले. वय बत्तीस, बोलणं भराभर. त्यांनी डोळ्याच्या आत पाहिलं आणि यंत्र ओरावानकडे सरकवलं. दृष्टिपटल पांढुरकं झालं होतं, मध्ये एक लाल ठिपका: रक्तपुरवठा तुटल्याची खूण.

"काय टोचलं ते कळायला हवं," ते केसिनीला म्हणाले. "विरघळणारं असेल तर माझ्याकडे औषध आहे. सिलिकॉन असेल तर त्याचा काही उपयोग नाही, डोळ्यामागे सुई उगाच जाईल. तिला फोन लाव."

केसिनीने फोन पुढे केला. बाईने तिला ब्लॉक केलं होतं. नाव माहीत नव्हतं. सगळ्याजणी तिला हलक्या हाताची ताई म्हणत. पत्ता तिने सांगितला नाही. शपथ घातली होती म्हणाली.

"औषध काढून ठेवते," म्हणत ओरावान मागच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. नुचने तिसऱ्या घंटेला फोन उचलला.

"आज सकाळी नाकात काय घातलंस?"

"नेहमीचंच. कोरियाचं, विरघळणारं. का, सुजलं का तिला?"

"डोळा गेलाय तिचा."

"ताई, तू आधी श्वास घे. येतो गं परत, दोन दिवसांत येतो. मी वाचलंय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझं नाव नाही ना घेतलंस?"

ओरावानने सांगितलं की आजचं सगळं रद्द कर. नुच म्हणाली, कसं करू, साडेतीनची बाई पलीकडच्या काठावरून, लाओसहून होडीने येतेय, निघालीसुद्धा असेल. "आईला चार वर्षं टोचलं मी. एकदा तरी निळं पडलं का? तूच म्हणायचीस, माझा हात तुझ्यापेक्षा हलका."

ते खोटं नव्हतं. आईला मधुमेह, ओरावानच्या पाळ्या बदलत्या. इन्सुलिन कोण देणार? एका दुपारी स्वयंपाकघरात पपनसाच्या सालीत पाणी टोचून टोचून तिने नुचला शिकवलं. चिमूट कशी धरायची, सुई कोणत्या कोनात घालायची, दाब किती सावकाश द्यायचा. नुच दोन दिवसांत शिकली. आई झोपेतून जागीही व्हायची नाही. आई गेली, पण नुचच्या हातातली सुई सुटली नाही. पोटाच्या चरबीत चालणारी सुई नाकाच्या शिरांमध्ये चालत नाही, एवढं मात्र पपनसाने शिकवलं नव्हतं, आणि ओरावाननेही नंतर कधी बसवून सांगितलं नाही.

ती बाहेर आली. "विरघळणारं आहे, डॉक्टर."

"नक्की?"

"तिच्याकडे गेलेल्या एकीला फोन करून विचारलं," ओरावान म्हणाली. केसिनीने चमकून तिच्याकडे पाहिलं.

मग तासभर कुणाला बोलायला सवड नव्हती. औषध नाकाच्या दोन्ही बाजूंना गेलं, भुवयांच्या मध्ये गेलं, शेवटी डोळ्याच्या मागे गेलं. भुवयांमधल्या सुईसाठी ओरावानने वर्खाचा तुकडा चिमट्याने उचलून कापसावर ठेवला. फेकला नाही. शिरेतून दुसरं औषध चालू होतं. ओरावान मिटलेल्या पापणीवर अंगठा ठेवून डोळा दाबत होती: मनात पंधरापर्यंत मोजायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. आतला दाब कमी होऊन अडलेला थेंब पुढे सरकावा म्हणून. दीड तासाच्या आत आलेल्या माणसाबाबतही ही आशाच असते.

"लाइव्हवर मी डावीच बाजू देते कॅमेऱ्याला," केसिनी पडल्या पडल्या म्हणाली. "ती बरी दिसते. उजवीकडून मी माझ्या आत्यासारखी दिसते." ती जराशी हसली. "आत्याला सांगू नका."

तीन वाजता ओरावानने टॉर्च डाव्या डोळ्यासमोर अगदी जवळ धरला.

"दिसतोय का उजेड?"

"लावलाय का?" केसिनीने विचारलं.

डॉक्टरांनी खिडकीकडे तोंड केलं. ओरावानने टॉर्च बंद केला. खटका वाजला तशी केसिनी उजव्या डोळ्याने छताकडे बघत राहिली.

बाहेरच्या टेबलावर डॉक्टर कागद भरायला बसले. वेळ, डोळा, औषधाची मात्रा. मग त्यांनी पेन ओरावानपुढे धरलं. "पुढचं तुम्ही भरा, ताई. टोचणाऱ्याचं नाव. पोरगी सांगायची नाहीच."

हाच रकाना तिने दोन वर्षांपूर्वी एकदा भरला होता. एका शाळेत स्वयंपाक करणारी बाई, तिचाही डावाच डोळा. तिच्या भुवईच्या केसांत वर्खाचा कण अडकला होता. ओरावानने तो कापसाने पुसला, कापूस टोपलीत टाकला आणि सुवाच्य अक्षरांत लिहिलं, 'माहीत नाही'. त्या रात्री ती नुचशी भांडली. नुच रडली, आईच्या तसबिरीवर हात ठेवून शपथ घेतली, आणि महिनाभर सुयांची बॅग खाटेखाली राहिली. ती बाई अजून दर सहा महिन्यांनी तपासणीला येते. येताना केळीच्या पानात चिकट भात बांधून आणते, ओरावानसाठी. तुम्ही किती जिवाने केलंत माझं, असं दर वेळी म्हणते. ओरावान तो भात घरी नेते. खाते.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. होडी आतापर्यंत धक्क्याला लागली असेल. बाई छत्री मिटून बाजाराच्या दिशेने चालत असेल. कदाचित तिला कुणाच्या लग्नाला जायचं असेल. कदाचित नुसतंच वाटलं असेल.

"काय झालं?" डॉक्टर म्हणाले. "लिहा ना, माहीत नाही म्हणून. नेहमीचंच आहे."

ओरावानने पेन घेतलं नाही. खिशातून घडी घातलेला कापूस काढला आणि कागदावर, त्या रिकाम्या रकान्याच्या वरच, उलगडून ठेवला. वर्ख सुरकुतला होता आणि पंख्याच्या वाऱ्याने हलत होता, म्हणून तिने त्याच्या कडेवर बोट ठेवलं.

"माझी बहीण आहे," ती म्हणाली. "धाकटी. नुच. बाजारामागे टायरच्या दुकानाच्या वर राहते. सुई धरायला मी शिकवलं तिला. मागच्या वेळीही तीच होती, आणि मला तेव्हाही माहीत होतं. साडेतीनला तिच्याकडे आणखी एकजण येतेय, डॉक्टर. पोलिसांना आत्ता फोन लावा. पत्ता मी सांगते."