खुणेच्या काठ्या

क्लेमेंटीनने काठी दोन्ही हातांनी कवटाळली आणि वर ओढली. चिखलाने ती सहजासहजी सोडली नाही. सोडली तेव्हा क्लेमेंटीन आणि जयवंतकाका दोघेही लाँचमध्ये मागे बसकण मारून पडले. काठीच्या टोकाला लाल चिंधी होती. पप्पांचा जुना शर्ट.

“आता ही कुठे?” अधिकाऱ्याने विचारलं. तो वयाने तिच्याहून लहान असावा.

तिने हात केला. “तिथे, पाणी फिरतंय त्याच्या अलीकडे. खाली खडप आहे, धारदार कातळ. भरतीला दिसत नाही.”

“होडी फुटेल?”

“तळ राहणार नाही.”

“छान,” तो म्हणाला, आणि लगेच दुसरीकडे पाहू लागला.

खाडीच्या तोंडाशी वाळू दर वर्षी जागा बदलते. पावसाळा सरला की तिचे वडील, व्हिन्सेंट, पाण्याचा ठाव घेत या काठ्या रोवत, आणि बंदरातल्या सगळ्या होड्या त्यांच्या रांगेने आत येत. आई गेल्यापासून चिंध्या बांधायला क्लेमेंटीन पापडीहून, शिकवायची त्या शाळेत रजा टाकून येई. पाण्याखालचा रस्ता तिला म्हणूनच ठाऊक होता, आणि म्हणूनच आज तिला बोलावणं आलं होतं.

शत्रूच्या नौका याच किनाऱ्यावर माणसं उतरवणार, अशी खबर होती. बंदराची तयारी झाली होती. मोठ्या होड्यांमधलं डिझेल काढून घेतलं होतं. लहान होड्यांना भोकं पाडून त्या धक्क्यालगत बुडवल्या होत्या. मोबाइल बंद, वायरलेस बंद, चर्चची घंटा बंद. राहिल्या होत्या फक्त काठ्या. त्या उपटायच्या नव्हत्या, हलवायच्या होत्या. येणारा त्यांच्यावर भरवसा ठेवून थेट खडपावर जायला हवा होता.

व्हिन्सेंट आणि त्यांच्या होडीवरचा एरॉल, समुद्रात जायला बंदी येण्याआधीच मासेमारीला गेले होते. ते अजून बाहेर होते.

“पप्पा आत आले की हलवू,” ती सकाळी म्हणाली होती.

“शत्रू तुमच्या पप्पांसाठी थांबेल का, मॅडम?” अधिकाऱ्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. “आमची लाँच खाडीबाहेर उभी राहील. त्यांची होडी दिसली की तिच्यापुढे राहून आत आणेल. माझा शब्द.”

क्लेमेंटीनने काकांकडे पाहिलं. काकांनी बंदराकडे पाहिलं. तिथे बायका वाळूची पोती रचत होत्या, आणि पोरं पोत्यांवर चढून बंदुकीचा खेळ खेळत होती.

“चल बाय,” काका म्हणाले. “आनि साहेब, चिंध्या तरी नव्या बांधा. पाव्हने येनार ना.”

कोणी हसलं नाही.

शेवटची काठी खडपाच्या कडेला उभी राहिली तेव्हा भरती लागली होती. लाँचने दोघांना धक्क्यावर सोडलं आणि वळून उत्तरेला निघाली.

“ही कुठे चालली?” क्लेमेंटीनने विचारलं.

“वरून आदेश आलाय. तिकडे जास्त गरज आहे.” अधिकारी जीपकडे चालू लागला.

“तुम्ही शब्द दिला होता.”

“दिला होता.” त्याने दार उघडलं. “सकाळपर्यंत परत येईल, मॅडम.”

जीप गेली. धक्क्यावर पोती उरली, बायका उरल्या, आणि काका, डोक्याचा टॉवेल हातात घेऊन.

ऊन कलत असताना काकांनाच होडी पहिल्यांदा दिसली. “व्हिन्सेंटची,” ते म्हणाले.

क्लेमेंटीन धक्क्याच्या टोकाला धावली. तिने दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवले. मागे. मागे फिरा. काकांनी टॉवेल फिरवला. बायकांनी ओढण्या सोडल्या, कोणी पदर, कोणी पोराचा शर्ट. सगळा धक्का हलू लागला.

होडीचा भोंगा वाजला. लांबलचक, खुशीत. इंजिनाने वेग घेतला.

क्लेमेंटीनचे हात हवेतच थांबले.

समुद्रावरून येणाऱ्या होडीला धक्क्यावरून कापड हलवून दाखवायचं, घरी सगळं ठीक आहे म्हणून. ही इथली जुनी रीत. आई गेली त्या दुपारी कोणीच काही हलवलं नव्हतं. तो निश्चल धक्का पाहून पप्पांनी खाडीबाहेरच इंजिन बंद केलं होतं, आणि होडी कितीतरी वेळ तिथेच तरंगत राहिली होती. शेवटी काका जाऊन त्यांना घेऊन आले होते.

“हात खाली,” ती म्हणाली. मग मोठ्याने, “सगळे हात खाली करा. कोणी हलू नका.”

काकांना पहिल्यांदा कळलं. त्यांनी टॉवेल पायाशी टाकला. बायकांच्या ओढण्या एकेक करून खाली आल्या. कोणीतरी पोरांना दंडाला धरून उभं केलं. धक्का तसाच झाला, त्या दुपारसारखा.

इंजिनाचा आवाज मंदावला. होडी संथ झाली, जवळजवळ थांबली. तिकडे, सुकाणूपाशी, एक माणूस उठून उभा राहिला आणि डोळ्यांवर हात धरून बघू लागला.

“आली का माझी होडी?”

एरॉलची बायको प्रिन्सी बाजारातून आली होती. टोपली पोत्यावर ठेवून ती गर्दीतून पुढे घुसली आणि ओढणी सोडून हलवू लागली. “असं काय उभं राहिलात सगळे? मयताला आल्यावानी?”

क्लेमेंटीनने तिचं मनगट पकडून खाली ओढलं.

“सोड. माझा नवरा जिता हाय.”

“प्रिन्सी, ऐक. काठ्या हलवल्यात. खडपावर नेतायत.”

प्रिन्सीचा हात सैल झाला. ती खाडीकडे बघत राहिली, लाल चिंध्यांच्या रांगेकडे.

“कोनी हलवल्या?”

क्लेमेंटीनने तिचं मनगट सोडलं.

पश्चिमेचा वारा होता. प्रिन्सीच्या बोटांत विसरलेली ओढणी आपसूक वर उचलली गेली आणि फडफडू लागली.

तिकडे व्हिन्सेंटने टोपी काढली, दोनदा हलवली, आणि खाली बसून होडीचं तोंड पहिल्या काठीकडे वळवलं.